गिरणगावात असलं काही नव्हतं

अंता, तुझ्या शोकसभेत त्यांनी तुझं लग्न लावून टाकलं. पक्षाशी. चाळीच्या पटांगणात स्टेज, स्टेजमागे हा एवढा फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेले आमदार साहेब, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोपेक्षा जरासा मोठा, तू. तुझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'आजन्म ब्रह्मचारी, निष्ठावंत कार्यकर्ता'. ब्रह्मचारी! तू गेल्यापासून मला पहिल्यांदा हसू फुटलं ते तिथे. मी मान खाली घातली, माझे खांदे हलायला लागले, आणि शेजारच्या खुर्चीतल्या कुंदावहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी रडतोय.

मग साहेब बोलायला उभे राहिले. जगासाठी साहेब, आपल्यासाठी सद्या. "लोक मला विचारायचे, अंतोबानं लग्न का केलं नाही? मी आज सांगतो. अंतोबाचं लग्न पक्षाशी लागलं होतं. पक्ष हाच त्याचा संसार होता!" टाळ्या पडल्या रे. शोकसभेत टाळ्या. मी तुझ्या डाळीत रोज फोडणी घातली, तुझी बनियनं धुतली, तुझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, आणि संसार केला पक्षानं.

त्यानंतर सूत्रसंचालकानं चिठ्ठी वाचली, "दिवंगतांचे रूम पार्टनर मधुकरराव दोन शब्द बोलतील." मी उठलो. मी काय बोललो ते तुला सांगणार आहे, आणि ऐकून तू भडकणार आहेस. पण का बोललो ते आधी ऐक. जन्मभर माझं वाक्य मधेच तोडत आलास, आता काय तोडतोस.

मी गावकीच्या खोलीत पहिल्यांदा ट्रंक ठेवली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपला होतास. रात्रपाळी करून आलेला. लालबागच्या त्या एका खोलीत आपल्या गावची अठरा माणसं. ज्याची पाळी सुरू तो गिरणीत, ज्याची संपली तो वळकटीवर. स्वतःची म्हणून प्रत्येकाची एक खुंटी आणि माळ्यावर एक ट्रंक. जेवण सुमनबाईच्या खाणावळीत. खोलीत बाईमाणूस आणायचं नाही हा गावकीचा नियम, तो भिंतीवर रंगवून ठेवलेला. पुरुषांबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. अठरा जण खेटून झोपतात, त्यात दोघं जरा जास्त खेटून झोपले तर कोण बघणार होतं? माझ्या एका अंगाला तू आणि दुसऱ्या अंगाला सद्या. एकाच गावचे, एकाच शाळेत मार खाल्लेले तिघं.

संप लागला तशी खोली रिकामी होत गेली. लावणी उरकून येतो म्हणून गेलेले आलेच नाहीत. शेवटी राहिलो आपण तिघंच. सद्या दिवसभर सभा, मोर्चे आणि पत्रकं वाटण्यात. मला त्यात कावीळ झाली. तू रे रोड स्टेशनजवळच्या लाकडाच्या वखारीत ओझी उचलायला जायचास, कधी कॉटन ग्रीनच्या गोदामात, आणि येताना माझ्यासाठी उसाचा रस आणायचास, कागदानं तोंड बांधलेल्या तांब्यातून. फोल्डिंग खात्यात कापडाच्या गाठींवर मार्का घालणारा माणूस तू, अक्षरांचा माणूस, आणि तुझ्या खांद्यावरची कातडी सोलून निघाली होती. मी जरा बरा झालो तसा दुपारी तुझ्या खांद्याला खोबरेल लावत बसायचो.

अशाच एका दुपारी तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि सद्या दारात उभा. तू ताडकन उठलास. माझ्या हातातली वाटी सांडली. सद्या वाटी उचलून ठेवत म्हणाला, "माका काय आंधळो समाजलात? सुखान नांदा. पण मेल्यांनो, दाराक कडी तरी लावा!" आणि आपण तिघंही एवढे हसलो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. त्यानंतर कोणी गाववाला अचानक आला तर सद्या त्याला खालीच गाठायचा, चहाला घेऊन जायचा. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर एवढा चिडलो नसतो.

गिरणीचा भोंगा परत वाजला नाही. सद्या पक्षात गेला आणि चढत गेला, नगरसेवक, मग आमदार. खोली गावकीनं तुझ्या नावावर केली. मला गिरगावात छापखान्यात काम मिळालं, लग्नपत्रिका छापायचं. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या, आणि प्रत्येक सीझनला तू विचारायचास, "आज कोणाक अडकवलंस?" आणि तुला सद्यानं नाक्यावरचा फळा दिला.

पक्ष कार्यालयाबाहेरचा तो फळा म्हणजे तुझं दैवत. खडू पाण्यात बुडवून लिहायचास म्हणजे अक्षर उठून दिसतं. पाण्याची वेळ, रक्तदान शिबिर, साहेबांचे विचार, आणि मयताच्या बातम्या. मयताची बातमी तू कधीच ऑफिसात बसून लिहिली नाहीस. आधी त्या घरी जायचास, दाराशी चप्पल काढायचास आणि विचारायचास, "खाली नावं कुणाची घालू?" तुझी ती रीतच होती. शोकाकुल कोण, हे ज्याच्या घरातला माणूस गेला त्यानं सांगायचं.

गिरणीतला मुकादम, गोपाळ जॉबर, गेला तो दिवस आठव. वीस वर्षं तो सुमनबाईबरोबर राहिला, बायकामुलं गावाला. भाऊ आले, त्यांनी तुला नावांची यादी दिली. सुमनबाई चुलीपाशी उभी, परक्यासारखी. तू यादी खिशात घातलीस आणि तिला विचारलंस, "बाई, तुमचं नाव कसं घालू?" तू फळ्यावर सगळ्यात वर तिचं नाव लिहिलंस. भाऊ आले तुझा हात तोडायला. तू खडू घेऊन उभा. "माणूस हिच्या घरात मेला. मी घरात विचारून लिहितो." सुमनबाईला वाचता येत नव्हतं. तू अक्षरांखाली बोट फिरवून तिला तिचं नाव दाखवलंस, आणि ती तिथेच फुटपाथवर बसून रडली. त्या दिवशी मी तुझ्यावर नव्यानं भाळलो, अंता. तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

म्हणून तर मला ती सकाळ पचत नाही.

कोर्टात तो खटला उभा राहिला होता, पुरुषानं पुरुषाशी, बाईनं बाईशी लग्न करायचं की नाही. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. समोरच्या पक्षाच्या मोठ्या नेत्यानं दादरला पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, आमचा पाठिंबा आहे. लगेच संध्याकाळी आपले साहेब कॅमेऱ्यासमोर. "हे श्रीमंतांचे चोचले आहेत. कष्टकऱ्यांची ही संस्कृती नाही. गिरणगावात असलं काही नव्हतं, नाही आणि आम्ही होऊ देणार नाही!" तू हातात रिमोट धरून बसला होतास. मी तुझ्याकडे बघत होतो. तू चॅनेल बदललंस.

सकाळी मी दूध आणायला उतरलो आणि नाक्यावर थबकलो. फळ्यावर तेच. 'साहेबांचे विचार' आणि खाली, तुझ्या त्या सुरेख, पाणीदार अक्षरात, 'गिरणगावात असलं काही नव्हतं'. दोन म्हातारे वाचत उभे होते. एक म्हणाला, "अक्षर बघा काय आहे!"

मी वर आलो आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. "अंता, मग आपण कोण होतो?"

"हो फळो पक्षाचो. माझो नाय."

"सुमनबाईच्या वेळी कुणाचा होता?"

तू कांदा चिरत राहिलास. मग म्हणालास, "सद्याच्या मनात तसा काय नाय. इलेक्शन जवळ इला. तेका बोलूचाच लागता."

"त्याला बोलावं लागतं. तुला लिहावं लागतं. आणि मला काय करावं लागतं? वाचावं लागतं?"

तेव्हा तू सुरी खाली ठेवलीस. तुला बहिणीची भीती, भाच्याच्या सोयरिकीची भीती, गावची भीती. पासष्टीला आलेला माणूस तू, शाळेतल्या पोरासारखा घाबरलेला. म्हणालास, "मध्या, माझ्या माघारी पण कोणाकडे बोलूचा नाय. रवळनाथाची शपथ घे." मी घेतली. तुझी भीती जरा उतरावी म्हणून घेतली. मग अकरा दिवस आपण बोललो नाही. तू माझा चहा झाकून ठेवायचास, मी तुझा डबा भरून ठेवायचो, आणि मधे भांडण बसलेलं. ते कधी मिटलंच नाही. एका रविवारी तू नेहमीसारखं विचारलंस, "बाजारात येतंस?" आणि मी आलो, एवढंच.

मासळीबाजारात ती आपली कोळीण, नेहमीची. मी एकटा गेलो की विचारायची, "तुजा मानूस नाय आला आज? त्येला सरंगा आवडतो, घेऊन जा." तिनं कधी कोर्टाची वाट बघितली नाही. चाळीत मात्र नळावर, ओट्यावर, जिन्यात, सगळीकडे तोच विषय. रिटायर झालेले हेडक्लार्क नाना म्हणायचे, उद्या कुत्र्यामांजरांची लग्नं लावतील. कुंदावहिनी म्हणायच्या, राहतात तर राहू देत, पण लग्न कशाला हवं मेलं? त्यांची सून त्यांच्या तोंडावर म्हणायची, "आई, तुमचं काय जातं?" सासू एका पक्षाची, सून दुसऱ्या, आणि त्या दोघींची भांडणं ऐकत तू खाली मान घालून नळावर बादली भरायचास. कुणाला वाटलं नाही की ज्याच्याबद्दल चाललंय तो पाण्याच्या रांगेत उभा आहे. निदान मला तेव्हा असं वाटायचं.

मग तुझ्या छातीचं दुखणं. सतरा दिवस हॉस्पिटल. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यासमोर मी 'मित्र' लिहिलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, रक्ताचं कोणी बोलवा. भाचा गावाहून यायला एक दिवस लागला. एक दिवस मी काचेबाहेर.

तू गेलास आणि फळ्यावर तुझी बातमी लागली. लिहिली पक्ष कार्यालयाच्या नव्या सेक्रेटरीनं, मोबाइलमधला जुना मजकूर बघून, फक्त नाव बदललं. घरी कोणी आलं नाही. दाराशी कोणी चप्पल काढली नाही. 'खाली नावं कुणाची घालू' हे कोणी विचारलं नाही. शोकाकुल म्हणून साहेब, मग समस्त पक्ष परिवार, मग भाचा. आणि अंत्ययात्रा निघणार कुठून? पक्ष कार्यालयातून. तुला आपल्या दारातून सरळ निघूसुद्धा दिलं नाही त्यांनी. शिरा पडो त्यांच्या तोंडावर! साऱ्या गिरणगावाच्या मयतांना तू घर दिलंस आणि तुझ्या वेळेला हे.

स्मशानात भटजींनी मला विचारलं, "आपण मयताचे कोण?" आणि मी, अंता, मी म्हटलं, "शेजारी." भाच्यानं अग्नी दिला. पोरगा चांगला आहे, त्याचा दोष नाही. मी मागे उभा राहून विचार करत होतो की तुला फळ्यासाठी एवढा बोल लावला आणि वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. त्या रागानं मला झोप नाही. काही सद्यावरचा, काही तुझ्यावरचा, आणि मोठा वाटा माझ्यावरचा.

चौथ्या दिवशी समोरच्या पक्षाचा इथला पुढारी आला. हार घेऊन. तुझ्या फोटोला नमस्कार करून लगेच मोबाइल काढला. "काका, आम्हाला सगळं कळलंय. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. कॅमेऱ्यावर दोन वाक्यं बोला, साहेबांचा खोटेपणा उघडा पाडू." मी विचारलं, "तुझ्या मुलानं उद्या असा माणूस घरी आणला तर?" तो दचकला. "काका, असं अभद्र नका हो बोलू." मी त्याला त्याच्या हारासकट बाहेर काढलं. सूड घ्यायचा होता, पण त्याच्या हातून नाही. माझ्या हातानं.

आता शोकसभा. मी माइकपाशी गेलो. समोर साहेब, अर्धे डोळे मिटून, दुःखी चेहरा करून. मी म्हणालो, "माझं नाव मधुकर. मी अंताचा रूम पार्टनर नाही. त्यानं पक्षाशी संसार केला नाही, माझ्याशी केला. चाळीस वर्षं. साहेबांनी सांगितलं होतं, गिरणगावात असलं काही नव्हतं. होतं. साहेब स्वतः शेजारच्या वळकटीवर झोपायचे, त्यांना विचारा. आम्हाला 'सुखानं नांदा' म्हणणारा पहिला माणूस हाच. आमच्या लग्नाला एवढाच एक साक्षीदार होता, आणि तो उलटला."

मागून कोणीतरी खदकन हसलं. मग माइक बंद. नाना उठले आणि आणखी चारपाच जणांना घेऊन चालते झाले. कोणीतरी ओरडलं, "अरे, मेलेल्या माणसाची तरी लाज राखा!" तरुण पोरं मोबाइल वर धरून उभी. आणि कुंदावहिनी, ज्यांना लग्न कशाला हवं होतं मेलं, त्या उभ्या राहिल्या. "ए, माइक चालू कर! घरातलं माणूस गेलंय त्यांचं. बोलू दे त्यांना!" माइक चालू झाला, पण मला आणखी काही बोलायचं नव्हतं. सद्यानं चष्मा काढला होता आणि तो पुसत होता, पुसत होता, पुसतच होता. मला आनंद झाला, अंता. खोटं कशाला बोलू? असा आनंद झाला की घरी येऊन मी दोन वाट्या भात जास्त जेवलो.

शपथ मोडली. रवळनाथ माझं काय करायचं ते करील. तुझ्या बहिणीनं फोन केला, नुसती रडली. भाचा म्हणाला, "मामा, आईला देवळात जायची सोय राहिली नाही. निदान तेरावं तरी होऊ द्यायचं होतंस." चाळीतली दोन दारं मला बघून बंद होतात. कुंदावहिनी डाळ पाठवतात आणि वर बोलतातही, "आम्हाला काय माहीत नव्हतं का हो? तीस वर्षं भिंतीला भिंत. पण चारचौघांत बोलायची काय गरज होती?" सून म्हणते, होती. त्यावरून आता त्यांच्यात नवं भांडण.

आणि आता ऐक सद्याचं. मला वाटलं होतं, तो खोटं बोलेल, मला वेडा ठरवेल, माणसं पाठवील. मी तयारीत होतो. तिसऱ्या दिवशी तो टीव्हीवर. डोळ्यांत पाणी. "अंता आणि मधू यांच्या हातचं मी जेवलोय. माझी चूक झाली. मी माझी भूमिका बदलतो. अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळायलाच हवा." जसं काही त्यानंच आपल्याला शोधून काढलं! पक्षात गदारोळ. वरिष्ठ म्हणतात, ते त्यांचं व्यक्तिगत मत. महिला आघाडीतल्या अर्ध्या राजीनामा देतो म्हणतात, तरुण पोरं त्याचा व्हिडिओ एकमेकांना पाठवताहेत. आणि माझ्या घरी हार घेऊन आलेला तो पुढारी चौकसभेत साहेबांवर अचकट विचकट विनोद करतोय, त्यांच्या पाठिंब्याचं काय झालं कोण जाणे. मी भिरकावलेला दगड सद्यानं झेलला आणि त्याचा पुतळा केला, स्वतःचा.

परवा दुपारी तो आला. एकटाच, अंगरक्षक खाली ठेवून. तीन मजले चढून त्याला धाप लागली होती. मी पाणी दिलं, तेवढं माणुसकीचं. तो जमिनीवर बसला, तुझ्या जागेवर, आणि मी त्याला तिथून उठवलं. उठला. खुर्चीत बसला. म्हणाला, तुम्हा दोघांचा एक चांगला फोटो हवा, बॅनरला. मी म्हटलं, एकही मिळणार नाही. तो म्हणाला, बरं. भांडला नाही. मला वाटलं होतं भांडेल.

गुडघ्यावर हात, मान खाली. आमदारकी कुठे गेली कोण जाणे, समोर बसला होता वळकटीवरचा सद्या, पांढऱ्या केसांचा. आणि मग त्यानं विचारलं, अगदी हळू, मालवणीत, टीव्हीवर कधी बोलत नाही तसं. "मध्या, अंतान शेवटाक माझा नाव काढल्यान काय रे?"

अंता, काढलं होतंस. सोळाव्या दिवशी नर्सनं मला पाच मिनिटं आत सोडलं. नाकातली नळी बाजूला सारून तू बोललास, आणि मी कान तुझ्या तोंडाशी नेला, काहीतरी माझं ऐकायला मिळेल म्हणून. तू म्हणालास, "सद्याक सांग, माका तेचो राग नाय." एवढंच. माझ्यासाठी काही नाही. मी म्हटलं, सांगतो. तू डोळे मिटलेस, आणि ते तुझं शेवटचं बोलणं.

आणि तो समोर बसलेला, उत्तराची वाट बघत. खरा होता तो त्या वेळी, एवढं मला कळतं. शाळेपासून ओळखतो मी त्याला. दोन शब्द दिले असते तर तो माझ्या दारात ढसाढसा रडला असता आणि हलका होऊन जिना उतरला असता.

मी म्हटलं, "नाही. तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

तो मान हलवून उठला. कठडा धरून एकेक पायरी उतरला. तू असतास तर मला दंडाला धरून बाहेर ढकललं असतंस, जा, सांग त्याला, म्हणून. मी दाराशी उभा राहून त्याचं उतरणं पार तळमजल्यापर्यंत ऐकलं, आणि कडी लावून घेतली.